उतरतानाचं बटण

आईचा फोन आला तेव्हा मी बेला गावच्या आमच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायांना पाणी देत होतो. ती आदिलाबादच्या दवाखान्यातून बोलत होती. "गजू, आपली प्रतिभा गेली रे..." पुढचं मला ऐकू आलं नाही.

प्रतिभा माझी धाकटी बहीण. गुडीहत्नूरच्या शाळेत गणित शिकवायची आणि सुट्टीत घरी आली की टीव्हीला जोडून एक खेळ खेळायची. त्यात दोन बाहुल्या अधांतरी फळ्यांवर उड्या मारत लढतात. मला ती नुसती धडपड वाटे. एकदा तिनं समजावून सांगितलं, "दादा, हवेत वार करून खाली आलं का बाहुली जराशी अडकते. तेवढ्यात समोरचा मारते. पाय टेकायच्या जरासं आदी ढालीचं बटण दाबलं, तर ते अडकणं अर्धं होते." सगळी गंमत त्या अर्ध्यात होती म्हणे.

पुढं तिला नसांचा आजार झाला. आधी उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटातली ताकद गेली, आणि ढालीचं बटण नेमकं त्याच बोटाखाली. रजा घेऊन ती घरी आली. एका दुपारी खेळता खेळता तिनं खेळाचा रिमोट मांडीवर ठेवला आणि ते बोट दुसऱ्या हातानं चोळत बसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मी दाबू का?"

"कवा दाबाव, समजन का तुले?"

मी तिच्या उजव्या बाजूला खेटून बसलो. ती "आता!" म्हणायची आणि मी दाबेपर्यंत उशीर झालेला असायचा. मग तिनं सांगणंच सोडलं. "माह्या तोंडाकडं नोको पाहू. तिच्या पायाकडं पाह्य." उन्हाळाभर आम्ही तसेच बसलो. एक दिवस बाहुली खाली आली आणि न अडकता दुसऱ्या वाराला उठली.  प्रतिभा माझ्या खांद्यावर डोकं टेकवून खेळत राहिली...

आदिलाबादला त्या खेळाची स्पर्धा होती. एका रिमोटवर दोघं बसलेले पाहून पोरं कुजबुजली, स्पर्धा भरवणाराही अडखळला. समोरची कॉलेजातली तेलुगू मुलगी म्हणाली, "दोनों को बैठने दो ना, अन्ना." प्रतिभा हसून म्हणाली, "बाद में रोना मत." तो सामना आम्ही जिंकलो, पुढचा हरलो. परतताना मोटारसायकलवर ती ओढणीनं माझ्या पाठीशी बांधलेली. तिनं कानाशी विचारलं, "दादा, एकदाबी नाई अडकली ना?"

"नाई," मी म्हणालो. दोनदा अडकली होती. तिलाही ते ठाऊक होतं.

मग अंगठे गेले, आणि शेवटी श्वास.

तेरावं झाल्यावर पाहुणे गेले. आईनं रिमोट पदरानं पुसला आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली.

"लाव."

"तुले हे काऊन पायजे, आई?"

"तिचा आंगठा कसा चाले ते मी रोज पाह्यलं. उतरवणं तुले येतेच."

पहिल्याच उडीत बाहुली फळीवरून खाली गेली. "अरे देवा, पडली!" म्हणत आई हसली, आणि हसता हसता रडली. मीही.

आता दुपारचा चहा झाला की आम्ही बसतो. बहुतेक हरतोच. काल आई म्हणाली, "समोरचा लय मारते रे," आणि चष्मा सावरून परत बाहुली उडवली.