ह्यांचं तोंड आणि माझा मसाला

लग्नाला तिसरं वर्ष लागलं आणि आमच्या ह्यांच्या तोंडाची आग व्हायला लागली. सावद्याचं आमचं घर केळीवाल्यांचं. दुपारी आबा, म्हणजे माझे सासरे, आणि हे असे दोघं समोरासमोर पाटावर बसायचे, अक्का वाढायच्या आणि मी तव्याशी. अक्का म्हणजे सासूबाई; सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणे. त्या दिवशी शेवभाजी होती. पहिल्याच घासाला ह्यांनी डोळे मिटले, घास एका गालात ढकलला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

“काय टाकलं व याच्यात?” अक्कांनी वळून मला विचारलं.

“रोजचंच,” मी म्हटलं.

“रोजचं असतं तं पोराच्या डोयात पाणी आलं असतं का?”

आबांनी भाजीचा भुरका मारला आणि मुकाट्याने आणखी वाटीभर मागून घेतली. मागून अक्का आणि मी जेवलो, आम्हालाही काही झालं नाही. पण घरातल्या मुलाला लागली म्हणजे भाजी तिखटच. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. माझं मीठ बरोबर होतं, मसाला जास्त ठरला. त्यातून तो काळा मसाला त्या वर्षी मी केलेला. मिरच्या माझ्या माहेरच्या, धुळ्याहून आणलेल्या. खोबरं, कांदा, धणे, सगळं मी भाजलं, मी कुटलं, आणि बरणीत भरताना अक्कांनी स्वतः वास घेऊन “झ्याक झाला” म्हटलेलं. महिनाभरात तोच मसाला खलनायक झाला.

खरा खलनायक मला ठाऊक होता. तो दुकानाच्या फळीवर, केळीच्या पावत्यांच्या गठ्ठ्यामागे, एका चपट्या लाकडी पेटीत झोपलेला असे.

आमचा माल रेल्वेच्या वॅगनीतून दिल्लीला जायचा. तिकडचा आडत्या वर्षातून एकदा सावद्याला यायचा. त्याने ह्यांना सिगारची चटक लावली. बिडी-सिगारेट ओढणारे पुरुष मी खूप पाहिले होते, पण सिगार म्हणजे सिनेमातल्या स्मगलरने ओढायची वस्तू. हे मालधक्क्यावर घड मोजून घेता घेता ती ओढायचे. गडी-माणसांत वट वाढते असं त्यांना वाटे. मला वास लागला तो शर्टांना. विचारलं तर आधी हसले, मग घाबरले. आबांपुढे त्यांनी कधी पानसुद्धा खाल्लं नव्हतं. माझा हात ओढून त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

“आबांना कळलं तर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल. माझी शपथ आहे तुला.”

तेव्हा मला ते गोडच वाटलं होतं. नवराबायकोचं आपलं एक गुपित! डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर त्या डोक्याचं बरंवाईट होतं, हे मला आईने भाकरी थापायला शिकवण्याच्या आधी शिकवलेलं होतं. त्यामुळे आता पाटावर बसून हे ‘स्स’ करायचे, अक्का माझ्याकडे बघायच्या आणि मी तव्यावरच्या भाकरीकडे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि दाबणारा हात माझाच.

ह्यांनी उपाय सुरू केले. सकाळी तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या, रात्री गालाला आतून साजूक तूप, दिवसभर खिशात वेलदोडे. वेलदोड्याने वासही झाकायचा आणि तोंडही गार व्हायचं, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. कुणी ज्येष्ठमध सांगितलं, तेही चघळून झालं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी एकदा म्हटलं, “ती पेटी नाल्यात टाका, तोंड आपोआप बरं होईल.” तर मला समजावून सांगितलं, की सिगारचा धूर छातीत घ्यायचाच नसतो, नुसता तोंडात खेळवायचा, म्हणून ती अगदी निरुपद्रवी. हे दिल्लीच्या आडत्याने सांगितलं होतं, म्हणजे वेदवाक्य.

घरात मात्र माझी चौकशी संपली आणि शिक्षा सुरू झाली. मिसळणाचा डबा अक्कांनी आपल्या कपाटात ठेवला. स्वयंपाकाच्या वेळी त्या स्वतः येऊन चिमटीने तिखट टाकायच्या आणि डबा परत घेऊन जायच्या. माझी मसाल्याची बरणी केळीच्या बागेतल्या गड्यांना वाटून टाकली. ते मिटक्या मारत खातात असं कळलं, तेव्हा मला आनंद व्हावा की रडू यावं ते समजेना. आमच्याकडे आता पिवळं वरण, फिक्की भेंडी, ठेच्याशिवाय कळण्याची भाकरी. खानदेशात असं जेवण आजाऱ्याला देतात. आबा दोन घास कमी खाऊन उठायचे आणि जाता जाता माझ्याकडे न बघता म्हणायचे, “चालू दे.” आणि ह्यांना त्या वरणाचीही आग व्हायची! तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. म्हणजे तेव्हा मला तसं वाटायचं.

राखीला धुळ्याच्या देवपुरात माहेरी गेले तेव्हा आईजवळ भडाभडा बोलायचं ठरवलं होतं. पांझरेच्या पुलावर रिक्षा आली आणि धीर सुटला. आईने माझा चेहरा बघून विचारलं, “जवाईना तोंडले व्हयनं काय?” म्हणजे बातमी सावद्याहून माझ्या आधी पोचली होती. मी म्हटलं, माझ्या हातचं तिखट लागतं म्हणे. आईने जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तू काई बोलू नको, माय. बठ्ठं नीट व्हई.” आयांचं हे एकच औषध, सगळ्या रोगांवर.

परत आल्यावर एका सकाळी ह्यांचा गाल मी आरशासमोर उजेडात पाहिला. हे दाढी करताना तोंड वेडंवाकडं करत होते. आत गालाला, दाढांच्या बाजूला, एक पांढरा चट्टा होता. दुधाची साय चिकटल्यासारखा. मी पदराने पुसायला गेले. तो पुसला गेला नाही. तेव्हापासून मला माझ्या हाताची, मसाल्याची, कशाची फिकीर राहिली नाही. भीती फक्त त्या चट्ट्याची.

जळगावला लागून पिंप्राळ्याला माझी मावशी राहायची. तिच्याकडे जातो असं सांगून मी ह्यांना जळगावला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते आणि फटकळ. आरसा आत घालून बराच वेळ बघत राहिले.

“काय ओढता?”

हे माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीकडे.

“सिगार,” शेवटी हेच म्हणाले. “पण धूर आत घेत नाही हो. नुसता तोंडात धरतो.”

“म्हणजे गरम धूर गालात कोंडून ठेवता. मग आग व्हायची ती तिथंच होणार ना? तिखटाने हे झालेलं नाही. झालेल्या जागी तिखट झोंबतं, एवढंच.”

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. हे वाक्य सावद्याला नेऊन चौकात लावता आलं असतं तर! पण ह्यांनी विचारलं ते भलतंच. “न सोडता काही करता येईल का?”

डॉक्टरांनी सुस्कारा सोडून नियम सांगितले. टोक चावत बसू नका, विझलेली पुन्हा पेटवू नका, बुडापर्यंत ओढू नका, शेवटी ती जास्त तापते. मध्ये पाणी पीत राहा. उपाशीपोटी नको, वरून कडक चहा नको. “ह्याने जळजळ कमी होईल,” ते म्हणाले. “चट्टा जाणार नाही. तो जायचा असेल तर सिगार जायला पाहिजे, सगळी. पंधरा दिवसांनी या. चट्टा असाच राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल.” कशासाठी तपासायचा ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही.

परतीच्या एसटीत हे खूश होते. एवढे नियम मिळाले होते! ते त्यांनी सोवळ्यासारखे पाळले. जवळ पाण्याची बाटली ठेवू लागले. सिगार अर्धी ओढून टाकू लागले आणि अर्धी टाकली म्हणून दुसरी पेटवू लागले. जळजळ थोडी कमी झाली, चट्टा होता तिथेच होता. पंधरा दिवस झाले, महिना झाला. मी आठवण केली की म्हणायचे, “वॅगनी लागल्यात, आता कुठे जळगावला?” मी भांडले, रडले, अबोला धरला. आबांना सांगेन म्हटलं की ते नुसते स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून दाखवायचे. सांगितलं तर शपथेने मरतील, नाही सांगितलं तर चट्ट्याने. मी घरात फिरायचे, केर काढायचे, पाणी भरायचे, आणि डोक्यात हेच फिरत असायचं.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी अक्कांनी मला ओसरीवर बोलावलं. आबा बंगईवर झोके घेत बसले होते. “दोन-तीन महिने माहेरी राहून ये,” अक्का म्हणाल्या. “माह्या हातचं खाऊन त्याचं तोंड बरं होते का पाहू.” हे दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पायातली चप्पल नीट केली.

त्या चपलेने माझं डोकं फिरलं. मी गेल्यावर ह्या घरात त्या चट्ट्याकडे बघणारं कुणीही राहणार नव्हतं. मी म्हणाले, “आबा, हे सिगार ओढतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून. तोंड त्याने जळलंय.”

बंगई थांबली नाही. आबा म्हणाले, “मले माहीत हाये.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अक्का जमिनीकडे बघत होत्या. त्यांनाही माहीत होतं.

“मग बोलला का नाहीत?” माझा आवाज चढला होता. सासऱ्यांपुढे मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला.

“लपून ओढे, म्हणजे धाक होता,” आबा शांतपणे म्हणाले. “मी बोललो असतो तं लाज मोडली असती. मंग माह्यासमोर बसून ओढली असती. काय केलं असतं मी?”

“आणि माझ्या हाताला नावं ठेवली त्याचं काय?”

आबांनी पायाने बंगईला आणखी एक झोका दिला. मुलाच्या मनातला धाक टिकावा म्हणून सुनेचा हात बदनाम झाला, तर त्यांच्या हिशोबी सौदा वाईट नव्हता. मला भयंकर संताप आला. पण भांडणापेक्षा मोठं काम होतं. मी म्हटलं, “त्यांच्या तोंडात चट्टा आहे. पांढरा. डॉक्टर म्हणाले तुकडा काढून तपासावा लागेल.”

तेव्हा बंगई थांबली. हे आबांना माहीत नव्हतं.

आबांनी कोनाड्यातली शेतात जायची बॅटरी घेतली, मुलासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “तोंड उघड.” एवढा मोठा माणूस, पन्नास गडी हाताखाली असलेला, त्याने बापापुढे तोंड उघडलं. आबांनी बॅटरी आत धरली. उजेड गालावरून हलायला लागला, म्हणून त्यांनी बॅटरी दोन्ही हातांनी धरली. मग आबा तिथेच उंबऱ्यावर बसले.

“उद्या याले जयगावले नेतो मी,” ते म्हणाले, आणि अक्कांकडे वळून, “तिचं माहेर राहू दे. ती कुठी जात नई.”

तुकडा तपासला. जे नसावं ते त्यात नव्हतं. पेटी गेली, आणि वर्षभराने चट्टाही पुसट होत होत गेला. आबा दर महिन्याला स्वतः बसने घेऊन जायचे. शपथ मोडूनही हे जिवंत राहिले, याचं मला बरेच दिवस आश्चर्य वाटत होतं.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. मी ओसरीवर तशीच उभी होते. मला पाठवायचं ठरलं तेव्हा कुणी मला विचारलं नव्हतं. आता ठेवायचं ठरलं तेव्हाही विचारलं नाही. आतून अक्कांची हाक आली, रात्रीच्या भाकरी व्हायच्या होत्या, आणि मी आत गेले.