चक्कर आली नव्हती

माझ्या मानेत प्लेट आहे आणि कमरेत स्क्रू. ऑपरेशन झाल्यावर सोलापूरचे डॉक्टर म्हणाले होते, "दबलेली नस मोकळी केलीय. चालता येईल. दुखणं मात्र सगळं जाईल असं म्हणत नाही." ते खरं बोलले. चालता येतं. पण मागून कुणी हाक मारली तर मान वळत नाही, अख्खी मीच वळते. दोरीवर साडी टाकायला हात वर जात नाही. शिंक येणारसं वाटलं की आधी भिंत धरते.

हे झालं माझ्या धाकट्या दिरामुळं. तोंडानं मी त्याला भावजीच म्हणते, अहो-जाहो करते. मनात मात्र त्या दिवसापासून अरे-तुरेच चालू आहे.

आमचं घर नळदुर्गजवळ, शेत ओढ्यापलीकडं. त्या दिवशी सोयाबीनच्या पोत्यांवर मी ट्रॉलीत बसले होते. तो ट्रॅक्टर चालवत होता, मोबाईल कानाला, तोंडभर हसू. ओढ्याचा उतार आला तशी मी ओरडले, "भावजी, हळू घ्या." त्यानं हात नुसता मागं हलवला. चाक खड्ड्यात गेलं आणि मी पोत्यासकट दगडावर आपटले.

घरचे दवाखान्यात पोचायच्या आत त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं, वहिनीला चक्कर आली. सासूबाई म्हणाल्या, "उपाशी कामाला जाती, चक्कर येणारच." बोलता यायला लागल्यावर मी नवऱ्याला खरं काय ते सांगितलं. त्यांनी सलाइनच्या बाटलीकडं बघितलं. मग म्हणाले, "झालं ते झालं. त्याचं लगीन व्हायचंय. भाईर बोलू नको."

मी बोलले नाही. घरी आले, कण्हत उठायला-बसायला शिकले, उभ्यानं भाकरी थापायला लागले. एकदा ओट्यापाशी टेकून ज्वारी पाखडत होते. मधेच सूप खाली ठेवलं, कारण खांद्यापासून बोटांपर्यंत आग उतरली होती. अंगणात शेजारचे दोघं बसले होते. त्यांच्यापुढं तो म्हणाला, "स्क्रू बसवल्यात की, आता कशाचं दुखतंय? वहिनीला कामाचा कंटाळा हाय." ते हसले.

तेव्हा मी ठरवलं. घरात भांडले असते तर ते घरातच जिरलं असतं. मला ते भाईरच काढायचं होतं, आणि त्याला लागेल अशा जागी काढायचं होतं.

परांड्याकडची एक मुलगी पसंत पडली. तिच्याकडची माणसं घर बघायला येणार होती. डॉक्टरांनी मानेचा पट्टा कधीच सोडायला सांगितला होता. मी तो धुऊन पेटीत ठेवला होता. त्या सकाळी काढला, बांधला आणि पुढच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसले.

मुलीच्या मावशीनं विचारलंच, "मानेला काय झालं हो?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "चक्कर येऊन पडली."

"चक्कर आली नव्हती मावशी," मी म्हणाले. "भावजी मोबाईलवर बोलत ट्रॅक्टर चालवत हुते. मी हळू म्हणाले, त्यांनी ऐकलं न्हाय. मी पडले, आन् त्यांनी चक्कर आली म्हणून सांगितलं."

अंथरुणावर पडल्यापडल्या ही वाक्यं मी इतकी घोळली होती की आवाज जरासुद्धा हलला नाही. मुलीच्या वडलांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. "खरं हाय का?" त्यांनी त्याला विचारलं.

"वहिनीला औषधानं भास होतेत," तो म्हणाला.

माझे मालक शेजारीच बसले होते. त्यांनी खाली घातलेली मान वर केली नाही, पण बोलले. "खरं हाय. ती म्हणती तसंच झालं."

पाहुणे चहा पिऊन गेले. मुलीला अजून शिकवायचंय, असा निरोप आला. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. घराची अब्रू घालवली, असं भावकीत झालं. मी मात्र पाहुण्यांनी टाकलेल्या पोह्यांतली एक ताटली घेऊन बसले आणि सावकाश सगळी संपवली. इतकी चव कित्येक महिन्यांत कशाला लागली नव्हती.

तो दारात येऊन उभा राहिला. "झालं का समाधान, वहिनी?"

"न्हाय," मी म्हणाले. "ज्यांच्याम्होरं चक्कर म्हणालात त्यांच्याम्होरं खरं बोला. तवर जे कुणी पाव्हणे येतील त्यांना मी सांगणार."

दुसरं स्थळ आलं तेव्हा सासूबाईंनी मौन सोडलं. "दोन दिस माहेरी जाऊन ये."

"गाडीचे धक्के सोसत न्हायत," मी म्हणाले आणि पट्टा बांधून त्याच खुर्चीवर बसले. अंगणात हसलेले ते दोघं शेजारीही त्या दिवशी बैठकीला होते. पाहुण्यांना पाणी दिलं न दिलं तोच तो उठला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "आधी एक सांगतो. आमच्या वहिनीची मान माझ्या चुकीनं गेली. मी खोटं सांगितलं हुतं." त्याचे कान लाल झाले होते. मी एकेक शब्द नीट ऐकून घेतला. मधे, "असू द्या भावजी," म्हणायची जागा होती. मी म्हणाले नाही.

मुलीचे वडील जरा विचार करून म्हणाले, "आपल्या तोंडानं बोललात, बरं केलंत." तिथंच लग्न जमलं.

आता ती मुलगी माझी जाऊ आहे. दोरीवरचे कपडे तीच काढते. थंडीत कंबर धरते तेव्हा तव्यावर रेती तापवून फडक्यात बांधते आणि शेकते. असं दुखणं चढलं की मी त्याचे ते लाल कान आठवते. दुखणं कमी होत नाही, पण ते आठवायला मला आवडतं.

मागच्या आठवड्यात शेकता शेकता तिनं विचारलं, "अक्का, अजून राग हाय का यांच्यावर?"

"हाय," मी म्हणाले.

तिनं पुरचुंडी उचलून जरा खाली टेकवली.

"इथं दुखतंय?"

"अजून थोडं खाली."