ओठ हलले म्हणून

परीक्षेच्या अहवालात माझ्याबद्दल इंग्रजीत एकच वाक्य होतं. त्याचा अर्थ असा, की उमेदवार परीक्षेदरम्यान सतत कुणाशी तरी बोलत होती. खाली कारणाच्या रकान्यात एक शब्द होता: गैरवर्तन.

मी कुणाशीही बोलत नव्हते. मी वाचत होते.

हे समजून घ्यायचं तर आमच्या घरात वाचन कशाला म्हणतात ते आधी सांगावं लागेल. बाबा राजूरच्या कोळसा खाणीत कामाला होते. घरात गोष्टीचं पुस्तक नव्हतं, पत्रकं मात्र ढिगानं. युनियनची, जयंतीची, दारूबंदीची, बुवाबाजीविरुद्धची. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मला लिहिता आलेलं पहिलं वाक्य. पण नवं पत्रक आलं की कुणी ते घेऊन कोपऱ्यात बसत नसे. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर माणसं जमत आणि ज्याला वाचता येतं त्यानं सगळ्यांसाठी मोठ्यानं वाचायचं. ऐकणाऱ्यांत निम्म्यांना अक्षरओळख नव्हती. सहावीत होते तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. एकदा मी हातातलं पत्रक आधी स्वतःशीच वाचायला लागले, तर समोर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "एकटीच खाऊन राह्यली का व? आमाले बी वाढ ना."

त्या ओट्यावर मनातल्या मनात वाचणं म्हणजे दहा जणांसमोर एकटीनं जेवणं होतं. ती सवय अंगात मुरली. शब्द ओठांवर आल्याशिवाय तो माझ्या डोक्यात शिरत नाही.

कॉम्प्युटरचं कोडही मी असंच शिकले. वणीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले आणि मग अ‍ॅप तयार करण्याचा अभ्यासक्रम ऑनलाइन केला. शिकवणारे इंग्रजीत बोलत, आणि मी समोरचं कोड वऱ्हाडीत वाचत असे. "लॉगिन झालं असंल तर यादी दाखव, नाई झालं तर पहिल्या पानावर जाय." कंस उघडला की आवाज चढवायचा, बंद झाला की उतरवायचा. एखादा कंस बंद करायचा राहिला तर वाक्य हवेत लोंबकळतं आणि कानाला लगेच कळतं. माझ्या चुका माझ्या डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त पकडल्या आहेत.

प्रमाणपत्राच्या परीक्षेचे दोन भाग होते. पहिल्यात एक संपूर्ण अ‍ॅप तयार करून पाठवायचं. वस्तीत नळ कधी येणार हे सगळ्यांना कळवणारं अ‍ॅप मी पाठवलं आणि ते पास झालं. नागपूरच्या एका छोट्या कंपनीनं ते पाहिलं आणि सांगितलं, प्रमाणपत्र हातात आलं की रुजू व्हा. राहिला दुसरा भाग. कॅमेऱ्यासमोर बसून सोडवायची तीन तासांची परीक्षा. कुठेतरी बसलेला निरीक्षक आपल्याला बघत असतो. आपल्याला तो दिसत नाही.

राजूरला दुपारी खाणीत सुरुंग उडाला की घरातली भांडी वाजतात. म्हणून मी परीक्षेसाठी वणीत जागा शोधली. तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका चाचांची वर एक लहान खोली आहे. कॉलेजात असताना मी तिथंच कॉम्प्युटरवर बसायची. चाचांनी खिडकीला पुठ्ठा लावला आणि जिन्याच्या तोंडाशी स्वतः खुर्ची टाकून बसले. "बेटा, आता वर चिमणी बी जाणार नाई," ते म्हणाले. "फक्त तू आतमंदी भाषण नको देऊ."

नियम मी वाचले होते. फोन नको, वही नको, दुसरा माणूस नको. प्रश्न मोठ्यानं वाचू नका, असंही त्यात एका ठिकाणी होतं. तो नियमसुद्धा मी मोठ्यानंच वाचला. मला वाटलं, दुसऱ्याला ऐकू जाईल असं वाचू नका, एवढाच त्याचा अर्थ. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी नेहमीसारखी आपल्या भाषेत पुटपुटत वाचत राहिले.

पाऊण तासानंतर स्क्रीनच्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरं उमटली: बोलणं थांबवा. मी टाइप केलं: मी वाचते आहे. उत्तर आलं: बोलण्याची परवानगी नाही. मी आवाज बंद केला. ओठ हलत राहिले. खालचा ओठ दातात धरला आणि तीच ओळ चार वेळा वाचली. एक अक्षर आत गेलं नाही. पुढच्या प्रश्नावर तोंड कधी उघडलं ते मला कळलं नाही. स्क्रीन पांढरी झाली आणि परीक्षा संपल्याची सूचना आली.

मी खाली उतरले. चाचा म्हणाले, "एवढ्या लवकर झाला पेपर?"

"बंद केला त्यायनं."

"काहून?"

"माझे ओठ हलत होते म्हणून."

त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मग माझ्याकडे पाहून ते उठले आणि स्वतःची खुर्ची मला दिली. "नमाज पढताना आमचे बी हलतात," ते म्हणाले. "मंग त्यायच्या हिशोबानं आम्ही दिवसातून पाच वेळा कॉपी करतो."

नियम मोडला असेल तर तेवढंच लिहा, मी सही करते. मोठ्यानं वाचलं, चूक झाली. पण त्यांनी ते लिहिलं नव्हतं. त्यांनी मला चोर ठरवलं होतं. गैरवर्तनाची नोंद असेपर्यंत परीक्षा पुन्हा देता येणार नव्हती, आणि ती नोंद कोणत्याही नोकरी देणाऱ्याला उघडून बघता येणार होती.

मी तक्रार केली. उत्तराची सुरुवात 'तुमची अडचण आम्ही समजू शकतो' अशी होती आणि खाली काहीच समजलेलं नव्हतं. दुसऱ्यांदा लिहिलं, तेच उत्तर आलं, फक्त खालचं नाव बदललं. चाचांनी सही करून लेखी दिलं की खोलीत कोणी गेलं नाही. त्यावर कळवण्यात आलं की त्रयस्थ माणसाचं निवेदन ग्राह्य धरता येत नाही. माझं मागणं एकच होतं. परीक्षेचं ध्वनिमुद्रण तुमच्याकडे आहे, त्यात माझा आवाज आहे, मराठी कळणाऱ्या कुणाला तरी ते ऐकवा. मी प्रश्न वाचते आहे की कुणाला उत्तर विचारते आहे, हे पाच मिनिटांत कळेल. तीनदा लिहिलं. या एका ओळीला तिन्ही वेळा उत्तर नव्हतं. आपली भाषा ज्याला कळत नाही त्यानं आपल्या ओठांकडे बघून निकाल द्यायचा, आणि तोच अंतिम.

चौथ्या उत्तरात त्यांनी मार्ग दाखवला. मोठ्यानं वाचणं वैद्यकीय कारणासाठी गरजेचं असल्यास डॉक्टरांचा दाखला जोडा. नोंद काढून टाकू, आणि पुढची परीक्षा आवाज करून देण्याची परवानगी मिळेल. सोबत आजारांची यादी होती. तिच्यातून एक निवडायचा.

वणीतले एक डॉक्टर मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि पॅड ओढलं. "एवढंच ना? वाचनदोष लिहितो."

"पण मला दोष नाही, डॉक्टर."

"अगं, दोष कुणाला नसतो? मले शुगर हाये, मी कुठं बोंबलतो?" लिहिता लिहिता ते म्हणाले, "कायले ताणून राह्यली? काम होते ना तुझं." दोन ओळी लिहून त्यांनी शिक्का मारला. माणूस वाईट नव्हता. त्याला माझं भलंच करायचं होतं, आणि म्हणूनच मी कागद घेऊन निघाले.

घरी बाबांनी तो कागद पाहिला आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. "हे काय लिवलं?"

मी त्यातलं इंग्रजी मराठीत वाचून दाखवलं. मला वाटत होतं, ते चिडतील. ते म्हणाले, "देऊन टाक."

"बाबा, मले काही झालं नाई."

"कागदच तं हाये. नोकरी लागते ना?"

"तुमीच शिकवलं मले असं वाचाले."

"शिकवलं तवा मले का मालूम होतं, का पुढं तोंड शिवून वाचा लागते?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "असं कर. माह्यं नाव टाक त्याच्यावर. बिमारी माही हाये, तुले लागली."

ते हसत होते, पण डोळे हसत नव्हते. त्या क्षणी मला त्या यादीचा जेवढा राग आला तेवढा परीक्षा बंद पडली तेव्हाही आला नव्हता. ज्या माणसानं खाणीतून येऊन, काळ्या नखांनी ओळीखाली बोट फिरवत मला वाचायला शिकवलं, तो आता माझ्या आजाराचं कारण म्हणून उभा राहायला तयार झाला होता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षराच्या जवळ येऊ दिलं नाही, त्यांच्यात एकाला वाचता आलं की दहा जणांचं वाचून व्हायचं. आमच्याकडे अक्षर असंच आलं, तोंडातून कानात. एकेकट्यानं मिटल्या तोंडी वाचायला आधी प्रत्येकाच्या हातात पुस्तक लागतं. ते ज्यांच्या हातात होतं त्यांची सवय म्हणजे वाचन, आणि आमची म्हणजे दोष. हा दाखला मी जोडला असता तर माझ्यावरचा आरोप पुसला गेला असता आणि विहाराच्या ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला मी आजारी ठरवलं असतं.

मी दाखला जोडला नाही. त्याऐवजी इंग्रजीत दोन पानांचं पत्र लिहिलं, जसं मला लिहायला येतं तसं, पत्रकासारखं. इंग्रजीतल्या पत्रकाला कशी धार येते ते मला तेव्हाच कळलं. मला आजार नाही. मी चोरी केली नाही. ध्वनिमुद्रण ऐका.

महिन्याभरानं उत्तर आलं. सौजन्य म्हणून मला एकदा पुन्हा परीक्षा देऊ देण्यात येत होती. ध्वनिमुद्रणाबद्दल एक शब्दही नव्हता. सौजन्य हा शब्द मी कितीदा वाचला कोण जाणे. चोरी केली नसेल तर सौजन्य कशाचं? आणि केली असेल तर कशासाठी?

तरी मी परीक्षेला बसले. नागपूरची जागा अजून रिकामी होती, आणि तोंड मिटून वाचणं मला जमत नाही असा समज कुणाचा राहावा, हे मला नको होतं. युक्ती चाचांनी सांगितली. "तोंडात पाण्याचा घोट धर. बोलशीन तं सांडन." परीक्षेत पाण्याची पारदर्शक बाटली चालत होती. तीन आठवडे मी घरी तोंडात पाणी धरून कोड वाचलं. आधी गालफडं दुखायची आणि काही कळायचं नाही. मग अर्थ हळूहळू आत उतरू लागला, पण कोरडा, बिनआवाजाचा. परीक्षेत तीन तास मी घोट धरला, गिळला, पुन्हा धरला. दोन चुका, ज्या कानानं पकडल्या असत्या, सुटून गेल्या. पास होण्यापुरते गुण मिळाले.

प्रमाणपत्र आलं. त्याच्यासोबत इंटरनेटवर माझ्या नावाचं एक पान उघडतं, त्यात सगळे प्रयत्न दिसतात. दुसरा प्रयत्न: उत्तीर्ण. पहिला प्रयत्न: अनिर्णित. गैरवर्तन काढून त्यांनी तिथं हा शब्द ठेवला आहे. म्हणजे मी चोर होते की नव्हते, हे अजून ठरलेलं नाही.

नागपूरला गेले तेव्हा मी ते पान स्वतःच उघडून दाखवलं आणि सगळं सांगितलं. समोरचे गृहस्थ म्हणाले, "हे सांगायची गरज नव्हती. सर्टिफिकेट आहे ना?" त्यांनी मला घेतलं. मी आता तिथं काम करते. कोड वाचताना पुटपुटते. शेजारच्या टेबलावरचा मुलगा कानात इअरफोन घालतो, त्याचं माझं काही भांडण नाही.

भांडण त्या शब्दाशी आहे. प्रमाणपत्र मिळालं, नोकरी मिळाली, आता सोड, असं बाबाही म्हणतात. पण ते ध्वनिमुद्रण कुठेतरी पडून आहे, त्यात मी स्पष्ट मराठीत प्रश्न वाचते आहे, आणि आजपर्यंत ते कुणी ऐकलेलं नाही. मी दर महिन्याला तक्रार नोंदवते. गेल्या आठवड्यात कळवण्यात आलं की हे प्रकरण कायमचं बंद करण्यात आलं आहे. मी त्याच दिवशी नवीन तक्रार उघडली. कारण निवडायला दिलेल्या यादीत माझं कारण नव्हतं, म्हणून 'इतर' निवडलं आणि खाली लिहिलं: निकाल द्यायच्या आधी ऐका.