आत्याने बारक्यासाठी वाळवलेली फळं

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं. काकूला कळलं तर ती जन्मात माझ्याशी बोलणार नाही आणि पप्पा म्हणतील, घरातलं घरात ठेवायला काय घेशील. पण काल बाजारातून येताना आत्या दिसली आणि आता राहवत नाहीये, म्हणून धडाधड टाईप करतेय. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. फळवाली. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचा छोटासा गाळा आहे आणि वर तिची एक खोली आणि पत्र्याचं छप्पर. लग्न केलं नाही. आजी गेली तेव्हा माझे काका, म्हणजे सगळ्यात धाकटा भाऊ, अजून शाळेतसुद्धा जात नव्हते. त्यांना हिनेच लहानाचं मोठं केलं. पुढे काकांना टक्कल पडलं, पोट सुटलं, बस डेपोत मेकॅनिक झाले, तरी आत्यासाठी ते कायम 'बारक्या'. तेही भर बाजारात. "ए बारक्या, डोक्यावर रुमाल टाक, ऊन लागेल." आणि तो डोंगराएवढा माणूस मुकाट रुमाल टाकायचा.

आत्याला फळ टाकून द्यायचं म्हटलं की जिवावर यायचं. संध्याकाळी डाग पडलेली सफरचंदं, काळी पडायला लागलेली केळी, फुटलेली अंजिरं सगळी वर यायची. खराब भाग कोरून काढायचा, पातळ चकत्या करायच्या, लिंबाच्या पाण्यातून काढायच्या म्हणजे काळ्या पडत नाहीत, मग जाळीच्या चौकटींवर पसरून छपरावर उन्हात ठेवायच्या. वर जुना पडदा. दुपारी गाळ्यावर शेजारच्या कांदेवालीला बसवून ही चकत्या उलटायला वर पळायची. वाळल्या की बरणीत भरायच्या आणि दुसऱ्या दिवशी काच बघायची. आतून वाफ धरली असेल तर सगळं परत उन्हात. आम्ही सगळी भावंडं ते खाऊनच मोठी झालो. चिप्स मागितले की म्हणायची, "चिप्स तुझ्या सासूला माग."

मग काकांच्या किडन्या गेल्या. आधी पाय सुजले, मग तोंड, मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आमच्या घरात त्यानंतर एकच विषय, पाणी. दिवसाला एवढंच पाणी, चहा धरून, आमटी धरून. काकू मापाची बाटली फ्रीजवर ठेवायची आणि डोळ्यात तेल घालून पहारा द्यायची. काकांना तहान सहन व्हायची नाही. एकदा ते बेसिनचा नळ सोडून नुसतं बघत उभे होते, मी स्वतः पाहिलंय. चूळ भरायचे आणि थुंकताना त्यांचा चेहरा बघवायचा नाही.

फळं जपून खा असं तिथल्या आहाराच्या बाईंनी एकदा सांगितलं होतं म्हणे. का ते कुणी विचारलं नाही. आम्ही सगळ्यांनी आपलं धरलं, फळात पाणी असतं ना, म्हणून.

आणि आत्याच्या डोक्यात आलं की मग पाणी काढूनच टाकू की.

तिने नुसती शिळी फळं नाही घेतली काकांसाठी. चांगली, वरची फळं बाजूला काढायला लागली, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. मिठाचा कण नाही, कारण डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलेलं. आणि आमच्यासाठी वाळवायची त्यापेक्षा किती तरी जास्त वाळवायची. चकती वाकली तर नापास. कडकन मोडली पाहिजे. मला तराजूवर दाखवलं होतं तिने. "ही बघ, एवढी टोपलीभर केळी होती. आता बघ, मूठभर. एवढं सगळं पाणी काढलंय मी ह्यातलं." केवढी खूश होती!

काकांना पण बरं वाटायचं. चकती तोंडात धरली की लाळ सुटायची आणि तहान जरा दबायची. दर रविवारी गाळ्यावर जाऊन पुडी घ्यायचे.

"ताई, मला काय पोपट समजतेस? रोज आपलं फळ, फळ."

"पोपट परवडला. तो निदान सांगितलेलं ऐकतो. चावू नकोस, नुसतं जिभेवर धर."

"आणि बायकोने बघितलं तर?"

"बघू दे. पाणी आहे का ह्यात? मग?"

डायलिसिसला गेलं की आधी वजन करतात, मधल्या दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते कळायला. काकांचं वजन आटोक्यात यायला लागलं, कारण ते पाणी कमी प्यायचे. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, शाब्बास, असंच चालू ठेवा. काकांनी ते गाळ्यावर येऊन सांगितलं तेव्हा आत्या रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता दुप्पट करते." आणि केलं.

त्यानंतर काका म्हणायला लागले की पाय शिशासारखे जड झालेत. सगळ्यांना वाटलं, थकवा. सोमवारी सकाळी डायलिसिसला निघताना खुर्चीत बसून बूट घालत होते, तिथेच एका बाजूला कलले.

हॉस्पिटलमध्ये आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर तरुण होते, त्यांनाच कसंतरी झालेलं दिसत होतं. म्हणाले, रक्तात पोटॅशियम खूप वाढलं होतं, किडन्या गेल्या की ते बाहेर पडत नाही, त्याने हृदय बंद पडतं. मग काकूला विचारलं, "काही वेगळं खाण्यात आलं होतं का? केळी, शहाळं, सुकामेवा?"

काकू म्हणाली, "छे हो. मी मोजून देते सगळं." तेवढ्यात वॉर्डबॉयने काकांचे कपडे आणून दिले आणि शर्टाच्या खिशात पुडी होती. काकूने ती उघडली. केळ्याच्या चकत्या.

आणि आत्या, माझी आत्या, पुढे होऊन म्हणाली, "ते चालतं त्याला. त्यात पाणी नाही."

डॉक्टरांनी खाली बघितलं. मग हळूच आत्याला सांगितलं, की आजी, वाळवलं की फक्त पाणी जातं. बाकी सगळं, ते पोटॅशियमसुद्धा, आतच राहतं. मूठभर खाल्लं म्हणजे टोपलीभर खाल्ल्यासारखं झालं.

काकू ओरडली, "वाढवलंत ना तुम्ही? आता झालं समाधान?" पप्पांनी तिला धरलं. आत्याला कुणी धरलं नाही. ती भिंतीला टेकून उभी होती आणि दोन्ही हात पदराला पुसत होती, परत परत, जणू काही चिकटलंय.

नंतर मी एकटी डायलिसिसच्या तिथल्या टेक्निशियन दादांना भेटले. म्हटलं, खरं सांगा, तिच्यामुळे गेले का? ते म्हणाले, "त्याने भर पडली असणार, नाही कसं म्हणू. पण हृदय आधीच कमजोर होतं त्यांचं. शनिवार-रविवार डायलिसिस नसतं, मोठी सुट्टी पडते, सोमवारी असे पेशंट जातात. एकाच गोष्टीवर बोट नाही ठेवता येत. आणि आम्ही तरी काय, पाण्याचं शंभरदा बजावतो. हे फळांचं एकदाच सांगतो."

मी धावत जाऊन आत्याला ते सांगितलं. मला वाटलं, तिला हलकं वाटेल. ती म्हणाली, "माझ्यामुळे थोडा गेला काय नि सगळा गेला काय, गेलाच ना गं." मग विचारलं, "दुखलं असेल का त्याला?" मी नाही म्हणाले. मला काय माहीत?

काकू तिला दारात उभं करत नाही. मी काकूला दोष नाही देणार, तिचं काय झालंय ते तिलाच माहीत. पण पप्पाही जात नाहीत. आई म्हणते, गेलो तर काकूला वाईट वाटेल. बाजारातल्या बायकांना गोष्ट कळलीये, त्या जरा लांबूनच जातात. काल मी बघितलं तेव्हा आत्या गाळ्यावर होती, समोर गिऱ्हाईक उभं होतं आणि भाव विचारत होतं, आणि ती त्याच्याकडे नुसती बघत होती. ते निघून गेलं तरी तिथेच बघत होती.

पप्पा, तुम्ही हे वाचाल, कुणीतरी तुम्हाला पाठवेलच. काकांची ताई होती तशी ती तुमचीही आहे. आणि बाकी वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडेही असेल अशी कुणी आत्या, मावशी, शेजारीण, जिच्याबद्दल सगळे दबक्या आवाजात 'हिच्यामुळेच' म्हणतात. तिच्याकडे जा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी जा, नुसतं शेजारी बसा. सुट्टी लागल्यावर, निवांत झाल्यावर असं नको. ती किती दिवस तशी बसून राहील कुणाला माहीत. ह्याच आठवड्यात जा.