निकाल सांगायला खजुरीला

आळंद तालुक्यातल्या खजुरीला कुणी मुद्दाम फिरायला जात नाही. मीही तशी गेले नव्हते. माझा सहकारी बिरू गेल्या वर्षी मेंदूतल्या रक्तस्रावाने अचानक गेला. आमच्या प्रयोगाचा निकाल तो गेल्यानंतर लागला, आणि तो त्याच्या वडिलांना सांगायचा होता. फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही.

पुण्याहून पहाटे निघालात तर सोलापूरपर्यंत काही त्रास नाही. उमरग्याला आळंदचा फाटा घेतलात की मात्र घाई सोडा, तुरीच्या दिवसांत ट्रॅक्टर बाजू देत नाहीत. पोट फाट्यावरच भरून घ्या. कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी, दोघांचं दोनशेत भागतं. मी माझं ताट तसंच परत केलं, तो भाग वेगळा. पुढे पाट्या कानडी होतात, कानावर मराठी पडतच राहतं.

आमचं काम थोडक्यात सांगते, पळू नका. न्यूट्रिनो हे इतके अबोल कण की अख्ख्या डोंगरातून आरपार जातात, डोंगराला पत्ता लागत नाही. यंत्रातून त्यांचा झोत सोडायचा आणि शेकडो किलोमीटरवर जमिनीखाली त्यांची वाट बघत बसायचं. क्वचित एखादा सापडतो. त्यांच्या तीन जाती ठाऊक आहेत. चौथी आहे का, हे शोधण्यात बिरूचं तरुणपण गेलं. आम्ही शोधलं तिथे ती नाही, हाच निकाल.

बिरूचे वडील, अप्पा, ओट्यावर बसले होते. उमेदीत मेंढरं राखलेला माणूस, आता तूर करतात. बिरूच्या आईने पाणी दिलं आणि ती दारातच थांबली.

"गावलं का त्ये?" अप्पांनी विचारलं.

वाटभर मी एक गोड खोटं घोळवत आले होते, की सापडल्यासारखं आहे, तपासणी चाललीय. आईकडे बघितलं आणि ते जिभेवर येईना.

"नाही, अप्पा. काहीच नाही सापडलं." आणि मला रडू कोसळलं.

"कामून रडायलीस?" ते म्हणाले. "मेंढरू चुकलं की आमी चौघं चार अंगाला जायाचो. ज्याला गावलं न्हाई त्यानंबी माघारी यिऊन सांगायचं, ह्या अंगाला न्हाई म्हणून. त्यो आलाच न्हाई तर बाकीचे तिकडंच हिंडत बसतेत."

मग त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"माझं पोरगं सांगाया आलं न्हाई. येवढंच लागतंय बघ काळजाला."

"त्याच्या वतीनं मी आलेय."

"व्हय," दारातून आईच म्हणाली. "आता जेवल्याबिगर जाऊ नको."

त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या. मुक्कामाला उमरगा बरं पडतं.

घरी आल्यावर बरेच दिवस मी या प्रवासाबद्दल लिहिलं नाही. काय लिहावं कळत नव्हतं. काल अप्पांचा फोन आला. पाऊसपाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाले, "आता कोन्त्या अंगाला शोधायलीस?"

"अजून ठरलं नाही, अप्पा."

"ठरव. आन् न्हाई गावलं तर फोनवर सांगू नको. यिऊन सांग."