पिंपरणीखालचा मान

माझ्या पुस्तकात एक वाक्य आहे: ‘बेंदराच्या दिवशी या वीरगळाभोवती पहिली बैलजोडी फिरवण्याचा मान वरच्या आळीचा असतो.’ वाचायला साधं आहे, आणि मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिलंय. त्या एका वाक्यानं विट्याच्या पलीकडच्या त्या गावाचं जे वाटोळं केलं, ते आजवर कुठल्या दुष्काळालाही जमलं नव्हतं.

मी निवृत्त भूगोल शिक्षिका. माधवनगरला राहते. नोकरी संपली तशी स्कूटर काढली आणि सातारा-सांगलीच्या खेड्यांतून जुनी झाडं आणि त्यांच्या बुडाशी उभे असलेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे दगड, शोधत हिंडू लागले. इतिहास म्हटला की लोक गडावर चढतात. मला बांधावरचा इतिहास लिहायचा होता. बाकीचे ऐकीव लिहितात, मी जाऊन बघते आणि मगच लिहिते, असा माझा ताठा होता. प्रस्तावनेत तसं छापूनही टाकलंय. ते पान आता मी उघडत नाही.

त्या गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. दोघींच्या शेतांमधल्या सामाईक बांधावर एक पिंपरण होती. चार माणसांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा, ढोलीत धनेशाचं घरटं. खाली वीरगळ. त्याच्या खालच्या पट्टीत गाई आणि त्यांच्यासाठी लढणारा माणूस, वर सूर्य-चंद्र. गुरं वाचवताना तो मेला म्हणून बेंदराला, म्हणजे इकडच्या बैलपोळ्याला, गावातले बैल त्याला फेरी घालत. उपशाचं पाणी आलं, माळावर ऊस आला, बैलांची जागा ट्रॅक्टरनं घेतली, तरी तेवढ्या एका दिवसासाठी दोन्ही आळ्यांनी एकेक जोडी पोसली होती.

मी गेले त्या बेंदराला वरच्या आळीची जोडी पुढं होती. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, पुढं हलगी. मी त्या आळीच्या कारभाऱ्याला विचारलं, पहिला मान कुणाचा? तो म्हणाला, ‘मान आमचा हाय.’ मी लिहून घेतलं. दगडाची मापं घेतली, बुंध्याचा घेर घेतला, फोटो काढले. खालच्या आळीतल्या एका निवृत्त सुभेदारानं मला घरी नेऊन चहा पाजला आणि ढोलीतली मादी आत स्वतःला कशी लिंपून घेते, नर तिला बाहेरून कसं भरवतो, ते इतकं सुरेख सांगितलं, की पुस्तकातली अर्धी पिंपरण त्याचीच आहे. मानाबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. मीही विचारलं नाही. संध्याकाळी गाव मुठीत आल्यासारखी परत आले.

पुस्तक दिवाळीनंतर निघालं. वरच्या आळीतल्या एकाचं कोइमतूरला गलाईचं दुकान आहे, तिथं तो सोनं गाळतो. त्यानं गठ्ठाभर प्रती मागवून घरोघर वाटल्या. मी हरखले. गावानं आपलं पुस्तक डोक्यावर घेतलं असं चार ठिकाणी सांगितलंसुद्धा.

पुढच्या बेंदराला दुपारी सुभेदारांचा फोन आला. आवाज शांत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

‘बाई, तुमी आमची जोडी आडवली.’

मग कळलं ते असं. मान एका वर्षी वरच्या आळीचा, दुसऱ्या वर्षी खालच्या आळीचा. पिढ्यान्‌पिढ्या हेच. मी गेले ते वरच्यांचं वर्ष होतं आणि कारभारी खोटं बोलला नव्हता. या वर्षी खालच्यांची पाळी म्हणून सुभेदार सजवलेली जोडी घेऊन बांधावर आले, तर वरची पोरं पुस्तक उघडून वाटेत उभी. छापलंय म्हणाली. हलगी थांबली, ढकलाढकली झाली, पोलिसांची गाडी आली, आणि बैल फेरी न घालता माघारी फिरले.

मी दुसऱ्याच दिवशी गेले. अपराधी वाटत होतं तसा रागही येत होता. सुभेदारांना म्हटलं, तुम्ही त्या दिवशी माझ्यासमोर होता, मला चहा पाजलात, मग बोलला का नाहीत? ते खाली बघत म्हणाले, ‘ज्यांचं वरीस त्यांनी बोलायचं. दुसऱ्यांनी त्या दिवशी त्वांड उघडायचं न्हाई. हितली तशी ऑर्डरच हाय. आमाला वाटलं, तुमी फुडल्या वर्साला येशीला, तवा आमी सांगू.’

पुढच्या वर्षाला. माझ्या यादीत अजून ढीगभर गावं होती. एका गावाला एक बेंदूर, असा माझा हिशेब. भूगोल शिकवताना मी मुलांना बजावायची की एका वर्षाच्या पावसावरून हवामान सांगू नका. इतकी वर्षं बजावलं, आणि स्वतः तेच करून बसले.

वरच्या आळीत जाऊन मी चूक कबूल केली. सहीनिशी कागद लिहून दिला. कारभाऱ्यानं तो वाचून परत माझ्या हातात ठेवला. म्हणाला, बाई, पहिलं तुम्ही बघून लिहिलं, आता दुसऱ्याचं ऐकून लिहिताय, आम्ही खरं कुठलं धरायचं? बाकीचे हसले. कारभाऱ्याला खरं पक्कं ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक होतं. पण गोष्ट आता बैलांपलीकडं गेली होती. मान आमचा म्हणजे दगड आमचा, आणि दगड आमचा म्हणजे बांधही आमचा, असं सुरू झालं. मोजणीचे अर्ज गेले. मोजणीच्या कागदांना माझ्या पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स जोडली होती. तिच्यावर बुंध्याचा घेर होता, मी स्वतः टेप लावून घेतलेला.

त्या पावसाळ्यातच पिंपरणीची पानं पिवळी पडायला लागली. सुभेदारांनी बोलावलं म्हणून गेले. बुंध्याला जमिनीलगत गिरमिटानं पाडलेली भोकं होती आणि भोकांतून उसाच्या तणनाशकाचा वास येत होता. कुणी केलं? वरचे म्हणतात खालच्यांनी, खालचे म्हणतात वरच्यांनी. मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि या खेपेला काहीच लिहिलं नाही. ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं, आत मादी होती. नर फांदीवर येऊन बसायचा, असं सुभेदार म्हणाले. मग यायचा थांबला. मी बांधावर बसून रडले. ज्यांच्यासमोर रडू नये असे सगळे तिथं हजर होते.

वाळलेलं झाड कुणाच्या अंगावर पडेल म्हणून ते कापायला मात्र दोन्ही आळ्यांचं एकमत झालं. खोड पडताना वीरगळाला लागलं आणि वरचा भाग निखळला. सूर्य-चंद्र बांधावर पडून आहेत. त्यांना हात लावला तर दावा होईल, म्हणून कुणी उचलत नाही. पुढच्या बेंदराला तिथं कुणीच बैल आणले नाहीत.

यंदा पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. मी ते वाक्य बदललं: ‘हा मान एका वर्षी वरच्या आळीचा आणि दुसऱ्या वर्षी खालच्या आळीचा असतो.’ बेंदूर आठवड्यावर आला होता. पहिली प्रत घेऊन मी सुभेदारांकडे गेले. गोठ्यात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. जोडी विकली का, हे विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनी चष्मा लावला, ते पान दोनदा वाचलं आणि मान हलवली.

‘आता बराबर लिवलंय,’ ते म्हणाले.

मग पुस्तक मांडीवर ठेवून ते बोटांवर काहीतरी मोजू लागले, मध्येच थांबले आणि पुन्हा पहिल्या बोटापासून मोजू लागले.

‘बाई, एक वरीस आमची जोडी माघारी फिरली. फुडल्या वर्साला कुनीच आलं न्हाई. जी फेरी झालीच न्हाई, ती पाळी मोजायची का सोडायची? आसं कवा घडलंच नव्हतं, इचारायचं कुनाला? ह्या वर्साला मान कुनाचा, ते आता तुमीच सांगा.’