भिवापूरला मिरचीच्या बोगद्याची नजर काढली, त्याची गोष्ट

आमचं पचमढीला जायचं ठरलं होतं. बॅगासुद्धा माळ्यावरून खाली उतरल्या होत्या. तेवढ्यात मामीचा फोन आला.

"काय वं, शनिवारी येतं का गावाले? नागपूरच्या मिहानातल्या मसाला कंपनीचे साहेब येऊन राहिले आमची मिरची पाहाले. आमच्या बायाईले त्याईच्यासमोर बोलाले जमत नाई. तू बम बोलते."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही. पण मामीला नाही म्हणायची आमच्या घराण्यात कोणाची टाप नाही. शिवाय मागून नवरा ओरडला, "मामींना सांग, झुणका करा!" पचमढी तिथेच बारगळली.

तुम्हाला कधी नागपुराहून एका दिवसात जाऊन यायचं असेल, तर भिवापूर घ्याच. मात्र हिवाळ्यात जा. मे महिन्यात गेलात तर मिरचीआधी तुम्हीच वाळाल. सकाळी उमरेड रोडने निघालो. रस्ता छान आहे, फक्त कोळशाचे ट्रक मागून असा हॉर्न देतात की पोटातलं पाणी हलतं. उमरेडला तर्री पोहे खाल्ले, म्हणजे पोह्यांवर झणझणीत लाल रस्सा. शंभराच्या नोटेत दोघांचं भागलं, वर चहाही आला. नवऱ्याने "अजून थोडी तर्री" असं तीनदा म्हटलं आणि पुढे भिवापूरपर्यंत खिडकी उघडी ठेवून 'हा, हू' करत गाडी चालवली. त्याला म्हटलं, अरे, आपण मिरचीच्या गावाला चाललोय, सुरुवातीलाच कशाला शहीद होतोस?

भिवापूर सोडलं की मामीचं गाव लागायच्या आधी मिरचीच लागते. ठेंगणी, जाड सालीची, लालभडक. रस्त्याच्या कडेला, अंगणात, छपरावर, जिथे ऊन तिथे मिरची. दिसायला सुरेख, पण त्या मिरचीवरून कोंबडी चालते, कुत्रं लोळतं, येणारी-जाणारी मोटारसायकल धूळ उडवते. मधेच अवकाळी पाऊस आला की मिरचीवर पांढरे डाग पडतात आणि व्यापारी नाक मुरडतो.

म्हणून मामीने आणि गावातल्या बायांच्या गटाने यंदा नवीन काम केलं. मिरची वाळवायला उन्हाचा बोगदा उभारला. म्हणजे लांबच लांब, अर्धगोल, जाड प्लास्टिकचा. आत जाळीचे ट्रे. उन्हाने आत भट्टी तापते आणि पलीकडच्या टोकाचा मोठा पंखा दमट हवा बाहेर फेकतो. धूळ नाही, कोंबडी नाही, पावसाची भीती नाही.

"बाहेरच्या राज्यातली मिरची सस्त्यात येते," मामीने मला आल्या-आल्या शिकवलं. "तिच्यासंगं भावात भांडून काय फायदा? भांडाचं तर रंगात अन् सफाईत भांडाचं."

मी हे वाक्य पाठच करून टाकलं. साहेबांना जसंच्या तसं ऐकवायचं ठरवलं.

या सगळ्याला घरातच एक विरोधी पक्ष होता. मामा. खाटेवर बसून पान लावत ते म्हणाले, "यंत्रात मिरचीचा तिखटपणा मरते. निरा रंग राहते. फुकटची बाहुली."

"आणि तुमच्या साहेबांनी नाही म्हटलं तर?" नवऱ्याने विचारलं.

मामाचा चेहरा एकदम उजळला. "तर बोगदा रिकामा. माझं तुरीचं कुटार ठेवतो त्याच्यात, ढोराईचा भुसा. पाण्यात भिजत नाई, जागा बम हाय."

 मामीने पोळपाट जरा जोरात आपटला. गटातल्या बायांनी घरोघरी भांडून हा बोगदा उभा केला होता. आज साहेबांनी नाक मुरडलं असतं, तर पुढच्या हंगामाला एकीनेही मिरची दिली नसती. म्हणजे बोगद्यात खरंच कुटार गेलं असतं. मला उगाच घाम फुटला. आपल्याला काय, झुणका खायचा आणि परत जायचं, असं म्हणून चालणार नव्हतं.

जेवण झालं. झुणका, भाकर, वांग्याची भाजी, आणि वर मामीचा ठेचा, ज्याच्याबद्दल नवरा अजूनही आदराने बोलतो. नमुन्याची मिरची पिशवीत भरून तयार होती. आतले ट्रे पुसून रिकामे ठेवले होते. साहेबांचा फोन आला, भिवापूर सोडलंय म्हणून. नवऱ्याला रस्त्यावर उभं केलं, गाडी नीट सावलीत लावून द्यायला. आणि मी पदर-बिदर सावरून वाक्य घोकत बसले.

तर मामी एका हातात निखाऱ्यांची घमेली आणि दुसऱ्या मुठीत मिरच्या-मीठ-मोहरी घेऊन बोगद्याच्या दाराशी उभी!

"मामी, हे काय करून राहिली?"

"नजर काढून राहिली. काल शेजारच्या गावची एक बाई येऊन गेली. 'काय लाल वाळली वं तुमची मिरची, काय लाल वाळली वं!' सात वेळा म्हणली. थुका तरी थुकाव बाईनं."

"अगं पण साहेब येतायत ना आता!"

"म्हणूनच तं आता."

मामीने बोगद्यावरून मूठ ओवाळली. आल्या-गेल्याची, घरच्या-दारच्याची, पापी-चांडाळाची, सगळ्यांची नावं घेतली आणि मूठ निखाऱ्यावर टाकली. आता हे सगळ्यांना ठाऊकच आहे. मिरच्या जळल्या आणि ठसका लागला, तर नजर नव्हती. ठसका लागला नाही, तर जबरदस्त लागली होती.

आम्ही दोघी नाक पुढे करून थांबलो.

ठसका नाही.

"माय वं," मामी म्हणाली.  "पाहय, कशी लागली."

तिने दुसरी मूठ टाकली. मिरच्या काळ्या पडल्या, तडतडल्या, धूर चांगला दिसतही होता, पण आम्हाला शिंकसुद्धा येईना. मामीचे डोळे भरले, तेही धुराने नव्हे. मग मला राहवेना. मी शिकलेली बाई, नागपुरात इतवारीत वाढलेली, ब्लॉग लिहिणारी. मी नमुन्याच्या पिशवीतून ओंजळभर मिरची काढली आणि म्हटलं, "टाक मामी, होऊन जाऊ दे."

तिसरी आहुती पडली आणि बोगद्याच्या पलीकडच्या टोकाकडून आवाज आला. आधी एक माणूस खोकला. मग दोन. मग गाडीचं दार आपटल्याचा आवाज आणि माझ्या नवऱ्याची हाक, "पंखा! अगं, पंखा बंद करा!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेबांना दाखवायला लावून ठेवलेला बोगद्याचा पंखा फर्स्टक्लास चालत होता. दाराशी केलेला सगळा धूर आत ओढून तो पलीकडे फेकत होता. आणि पलीकडे, कडुनिंबाच्या सावलीत, पंख्याच्या अगदी तोंडासमोर, माझ्या हुशार नवऱ्याने साहेबांची गाडी लावली होती.

धावत गेलो. साहेब गाडीच्या बॉनेटला धरून उभे. पांढराशुभ्र शर्ट, टोमॅटोसारखं तोंड. ड्रायव्हर बांधावर उकिडवा. शेजारी मामाही होते. ते गुपचूप बोगद्याची लांबी पावलांनी मोजायला आले होते, आणि आता त्यांचं पान एकीकडे आणि ते एकीकडे झाले होते.

"इथे... काय... जळतंय?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. रंग, सफाई, भाव, पाठ केलेलं सगळं पार पळून गेलं. तोंडातून निघालं, "नजर काढत होतो."

"कोणाची?"

"यंत्राची."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं, घमेलीकडे पाहिलं. मला वाटलं, झालं. कुटार.

"माझी आई नव्या गाडीची काढते," ते डोळे पुसत म्हणाले. "पण गाडीच्या बाहेर उभं राहून. मिरची कोणती टाकली?"

"यंत्रातलीच जी," मामी म्हणाली. "तुमच्या नमुन्यातली."

"मले तं वाटलं होतं, यंत्रातली मिरची फिकी पडत असंल." साहेब इतके खोकले होते की त्यांची शुद्ध भाषा गळून पडली होती.

मामी वळली. फार गोड आवाजात तिने विचारलं, "अहो, ऐकलं का? तिखटपणा मेला का जी मिरचीचा?"

"पाणी दे आधी!" मामा म्हणाले.

त्यानंतर साहेब तासभर बोगद्यात फिरले. ट्रे पाहिले, मिरची मोडून पाहिली, बी पाहिलं, डाग शोधले. मी एक अक्षर बोलले नाही. गरजच पडली नाही, बाया आपापल्या भाषेत सगळं सांगत होत्या. जाताना साहेबांनी नमुना घेतला, तपासणीत उतरला तर थोडा माल आधी घेऊन बघू म्हणाले, आणि नवऱ्याने दाखवलेल्या जागेवर गाडी पुन्हा कधी लावणार नाही असंही म्हणाले.

आम्ही अंधार पडायच्या आत घरी आलो. बरोबर मिरचीची पिशवी होती. स्वयंपाकघरात तिची पूड फोडणीत पडली की शेजारच्या काकू अजून खिडकी लावून घेतात. पण खरं सांगू? पुढचे कितीतरी दिवस फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. पचमढी आठवलीसुद्धा नाही. डोळ्यांसमोर एकच चित्र, बोगद्यात कुटार आणि वर पाय पसरून बसलेले मामा.

परवा फोन आला.

"घेतली वं," मामी म्हणाली. "घेतली त्याईनं. आज पहिला माल गाडीत भरून राहिलो."

मला रडूच आलं. रडता रडता म्हटलं, "मामी, तुला शपथ आहे, आता नजर काढू नको."

"काढली ना."

"अगं!"

"पंखा बंद करून काढली. अन् आतमंदी, दोन्ही तोंडाईले पडदे लावून."

"मग? लागला का ठसका?"

 मामीने फोन नुसता पुढे धरला. पलीकडे अख्खा गट खोकत होता, मधेच हसत होता, पुन्हा खोकत होता. आणि त्या सगळ्यात सर्वांत मोठा खोकला मामांचा होता. ते पोती उचलत होते.